एफडी मोडून शंभर कोंबड्या, रेशीमकिडे आणि मोठा माग?

अंबड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा: चार लाखांची एफडी आहे, मुदत संपायला अकरा महिने बाकी. ती मोडून रेशीमकिड्यांसाठी नवी शेड (1,60,000), शंभर कोंबड्या पिंजऱ्यांसह (70,000) आणि मोठा हातमाग (70,000) घ्यायचा विचार आहे. घरामागे 10 गुंठे ओलिताची जमीन आणि जुना रिकामा गोठा आहे. टकळीवर सूत काढणं आणि लहान मागावर विणणं त्या आताही करतात. घरखर्च महिना 28,000, शिल्लक 6,000.

ताई, एफडी मोडू नका. व्याजदरात साधारण एक टक्क्यापर्यंत दंड बसेल, पण माझं खरं कारण तुती आहे, कारण रेशीमकिडे तिचाच पाला खातात. जोडओळ पद्धतीने 5×3×2 फुटांवर (दोन जोडींत 5, जोडीतल्या ओळींत 3, रोपांत 2) 10 गुंठ्यांत सुमारे 1,400 रोपं बसतात. जूनमध्ये लावली तरी भरपूर पाला दुसऱ्या वर्षीच मिळतो. म्हणजे आज शेड बांधली तर ती वर्षभर जवळजवळ रिकामी राहील आणि तोवर तुमची एफडी परिपक्वही होईल. रोपं, ठिबक, शेणखत धरून तुतीचे 25,000 आणि 25 कोंबड्यांचे खुराड्यासह 14,000, एवढंच पहिल्या वर्षी लागेल. दरमहा 6,000 शिल्लक पडतात, त्यातून सात महिन्यांत हे भागतं.

एफडी हाती आली की आधी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 1,68,000, बाजूला काढा. त्या रकमेला हात लावायचा नाही.

आता रेशमाचं गणित. तुमच्या पाल्यावर एका वेळी 50 अंडीपुंज (एक पुंज म्हणजे एका पतंगाची अंडी) झेपतील. पहिल्या पिकाला 25 च घ्या. 50 पुंजांना साधारण 500 किलो पाला लागतो आणि त्यातला 80 टक्क्यांहून जास्त अळीच्या पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत, अखेरच्या आठवड्यात खाल्ला जातो. त्या आठवड्यात मागावर बसायला वेळ मिळणार नाही, हे धरूनच ऑर्डरी घ्या. चॉकी केंद्रातून (तिथे कोवळ्या अळ्या वाढवून देतात) दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्या, तर सुरुवातीच्या नाजूक दिवसांची जोखीम टळते. 4×20 फुटांचा चार कप्प्यांचा एक रॅक जुन्या गोठ्यात मावला तर नवी शेड नकोच. रॅक, अळ्यांवर अंडी घालणारी उझी माशी रोखायला जाळ्या, चंद्रिका (अळ्या जिच्यावर कोष विणतात ती जाळी) आणि फवारणी पंप यांना 45,000 धरा. पीक 30 किलो आलं आणि भाव 450 मिळाला, तर 13,500 येतात. चॉकी, निर्जंतुकीकरण, वाहतूक यांचे 4,500 वजा जाता 9,000 उरतात. कामाचे तास नव्वदच्या आसपास, म्हणजे तासाला शंभर रुपये. जालन्याचा कोष बाजार जवळ आहे ही तुमची मोठी जमेची बाजू, कारण कोष काढल्यावर फार दिवस ठेवता येत नाहीत. पतंग कोष फोडून बाहेर आला की रिळिंगवाल्याला (कोषातून अखंड धागा उकलणाऱ्याला) तो कोष नको असतो.

पीक बुडतं ते बहुधा दोन कारणांनी. शेजारच्या कापसावर किंवा मोसंबीवर फवारलेलं कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर येतं आणि तो पाला खाऊन अळ्या एका दिवसात लोळतात. शेजाऱ्यांशी फवारणीच्या तारखा बोलून ठेवा. दुसरं कारण म्हणजे मागच्या पिकाचे रोगजंतू. दोन पिकांमध्ये ब्लीचिंग पावडर आणि चुन्याच्या द्रावणाने खोली, रॅक, जाळ्या सगळं धुतलं नाही तर ग्रासरी हा अळ्यांचा विषाणूजन्य रोग पुन्हा येतोच. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पीक घेऊच नका. अळ्यांना 24 ते 28 अंश तापमान आणि 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी. सरकारी योजना बहुधा एकराच्या हिशेबाने असतात. जिल्हा रेशीम कार्यालयात विचारा, पण अनुदान धरून बजेट मांडू नका.

कोंबड्या शंभर कशाला? ग्रामप्रिया या परसातल्या जातीच्या 25 पिल्लांतून 20 माद्या अंड्यावर आल्या, तर वर्षाला तीन हजारांच्या आसपास अंडी मिळतात. नऊ रुपयांनी 27,000. एका कोंबडीला रोज 110 ग्रॅम खाद्य लागतं. निम्मं परसातलं आणि निम्मं विकतचं धरलं तरी 14,000 खर्च. उरलेल्या 13,000 मधून पिल्लं आणि लसी वजा करा. सहाव्या महिन्यापर्यंत एकही अंडं नाही, हेही लक्षात घ्या. मानमोडी (राणीखेत) रोगासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी या लसी चुकवू नका. खुराडं अळ्यांच्या खोलीपासून लांब हवं, कारण विष्ठेचा अमोनिया अळ्यांना सोसत नाही. रोगट अळ्या कोंबड्यांपुढे टाकू नका. रोगजंतू विष्ठेतून शेणखतात आणि तिथून तुतीत जातात. रोगट अळ्या जाळा किंवा चुन्यात पुरा. निरोगी कोषातला वाळवलेला प्यूपा (आतला किडा) मात्र थोडा द्यायला हरकत नाही. जास्त दिला तर अंड्याला वास येतो.

तुमच्या कलेची कमाई बाजार नाकारतो त्या मालात आहे. जुळे (दोन अळ्यांनी मिळून विणलेले) आणि पतंग बाहेर पडलेले कोष रिळिंगला चालत नाहीत, सुताला उत्तम चालतात. (आत अळी मरून काळे पडलेले मात्र फेका, त्यांचा वास जात नाही.) 30 किलोत असे दोन किलो निघाले तर कवच अंदाजे 400 ग्रॅम. दर 100 ग्रॅमला 20 ग्रॅम साबण आणि 3 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, उकळी येऊ न देता तासभर तापवा. गोंद जाऊन 300 ग्रॅम उरतं. सोडा वाढला की धागा खरखरीत होतो. सुताची नासधूस वजा जाता चार स्टोलचं बाण्याचं (आडव्या धाग्याचं) सूत मिळेल. ताणा (उभे धागे) मात्र विकतचा घ्या, हातसूत मागाच्या फणीत तुटतं. एका स्टोलला सोळा तास धरा. 2,500 ला विकला आणि ताणा, रंग, कुरिअरचे 600 गेले, तर तासाला 119 रुपये पडतात.

शंभर कोंबड्या तुमचे हेच तास खातील, आणि तेही कमी दराने. म्हणून कोंबड्या 25 च राहू द्या. मोठा माग तेव्हा घ्या, जेव्हा लहान मागावरचे स्टोल ओळखीबाहेरच्या लोकांनी सलग सहा महिने विकत घेतलेले असतील आणि ऑर्डरी पुढच्या महिन्यावर ढकलाव्या लागत असतील. त्याचे 70,000 एफडीच्या उरलेल्या रकमेतून बसतात. तोवर ती रक्कम सहा-सहा महिन्यांच्या दोन ठेवींत ठेवा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल.