चीन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रात चिनी शिकावं का? आणि लिपी कोणती घ्यावी?

मी चिनी शिकवते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. लिपीचं लवकर उरकतं. चीन आणि सिंगापूरमध्ये सरलीकृत लिपी चालते, तैवान-हाँगकाँगमध्ये पारंपरिक. ‘ड्रॅगन’चं चिन्ह पारंपरिक लिपीत 16 रेघांचं, सरलीकृतमध्ये 5 रेघांचं. नोकरीसाठी शिकत असाल तर लिहायला सरलीकृत घ्या, पण पारंपरिक वाचायची सवय पहिल्याच वर्षी लावा. नाहीतर तैपेईची वर्तमानपत्रं आणि 1956 च्या, म्हणजे चीननं लिपी सोपी करण्याच्या, आधीची चिनी पुस्तकं मूळ रूपात वाचताना अडाल.

केंद्रांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. चीन सरकारच्या पैशावर परदेशी विद्यापीठांत चालणाऱ्या या भाषा-केंद्रांना कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट म्हणतात. पहिली 2004 मध्ये दक्षिण कोरियात सोलला निघाली. विद्यापीठानं जागा द्यायची, चीननं शिक्षक, पुस्तकं आणि पैसा. भाषा विभागांच्या तिजोरीत कायम खडखडाट, त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांनी हे पटकन स्वीकारलं. गोम आहे ती शिक्षक कोण नेमतं यात. चीनमध्ये केलेल्या नोकरीच्या करारामुळे आपण फालुन गाँग या चीनमध्ये बंदी असलेल्या पंथाच्या आहोत हे लपवावं लागलं, अशी तक्रार कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एका शिक्षिकेनं केली. विद्यापीठानं 2013 मध्ये ते केंद्र बंद केलं.

पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये ब्रागाला युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद भरली. कार्यक्रमपत्रिकेत तैवानच्या एका प्रतिष्ठानचा पुरस्कर्ता म्हणून उल्लेख होता; तैवान आपलाच भाग असल्याचा चीनचा दावा आहे. या केंद्रांच्या बीजिंगमधल्या तेव्हाच्या प्रमुख शू लिन यांच्या आदेशावरून पत्रिका उचलून नेल्या आणि ती पानं फाडून परत आणल्या. संघटनेच्या अध्यक्षांनी फाडलेली पानं पुन्हा छापून वाटली. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यानं आपलीच पत्रिका फाडावी, हे मला आजही सहन होत नाही.

पण म्हणून भाषाच टाळायची? आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचं नाव होतं. 2020 च्या अंतिम धोरणातून ते गेलं. मला हे साफ चूक वाटतं. ज्या देशाशी सीमेवरून वाद आहे, त्याचे कागद मुळातून वाचणारी माणसं आपल्याकडे जास्त हवीत.

तेव्हा शिका. प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा: शिक्षकांचा पगार कोण देतं, पुस्तक कोणी निवडलं, वर्गात तैवान किंवा 1989 मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातल्या निदर्शकांवर झालेल्या लष्करी कारवाईबद्दल प्रश्न चालतो का? चीनहून आलेल्या शिक्षकांना घाबरू नका. त्यांच्यात फार चांगले शिक्षक असतात आणि उच्चारांतले चार सूर (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहेत. फक्त त्यांची नेमणूक तुमच्या विद्यापीठानं केलेली असावी.