बाईंना विचारा : आईने शाळेत किती शिरावं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात राहते, पतसंस्थेत कारकून आहे. मुलगा यंदा गावच्याच जिल्हा परिषद शाळेत पहिलीला गेला, धाकटी अंगणवाडीत जाते. मुलाला घरून एक पान लिहून आणायला सांगतात. दोन ओळी झाल्या की तो रडायला लागतो. रात्रीचे साडेनऊ होतात, मग उरलेलं पान मीच डाव्या हाताने लिहून टाकते, म्हणजे अक्षर त्याच्यासारखं दिसतं. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याचं पोट दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही. सासूबाई म्हणतात, 'शाळेत घातलंय ना, आता बाई बघतील, तू मागे लागू नकोस.' जाऊबाई मात्र सारख्या शाळेत जातात, त्यांना सगळं ठाऊक असतं. वर्गाच्या बाईंनी मला शाळा व्यवस्थापन समितीत यायला सांगितलंय. नोकरी सांभाळून जमेल का? आणि मुळात आईने शाळेत किती लक्ष घालावं?
— एक आई, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, आधी ते डाव्या हाताचं लिहिणं आजपासून बंद करा. तुम्ही ते मायेपोटी करता हे मला पुरतं समजतं. पण वर्गातल्या बाई त्या पानावरून एकच गोष्ट बघत असतात, की या मुलाचा हात कुठवर आलाय. पान भरलेलं दिसलं की त्यांना वाटतं, हात बसला, आता पुढे जाऊ. मग पुढचं पान आणखी अवघड येतं, आणि तुमचं लेकरू आणखी मागे पडतं.

त्याला जमतील तेवढ्या दोन ओळी लिहू द्या. खाली तुम्ही तुमच्या उजव्या हाताने लिहा, 'आज एवढंच झालं, नंतर हात दुखला,' आणि सही करा. ही एक ओळ शिक्षकाला फार उपयोगी पडते. मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. अशी चिठ्ठी लिहिणाऱ्या आया थोड्या असायच्या, पण त्यांच्या मुलांबद्दल मला नेमकं कळायचं. आणि हेही माहीत असू द्या, की केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊच नये असं म्हटलंय. बाईंशी भांडायला म्हणून हे सांगत नाही. एकदा शांतपणे भेटून विचारा, 'पानाऐवजी चार शब्द दिले तर चालेल का?' बहुतेक बाई हो म्हणतात. पुष्कळदा पानभर लिखाण पालकांच्याच आग्रहाने सुरू झालेलं असतं. वही कोरी दिसली की 'शाळेत काही शिकवत नाहीत' म्हणणारे पालकच असतात.

सहा वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार होत असतात. तो पेन्सिल मुठीत धरतो का, कागद फाटेल इतकी दाबतो का, ते बघा. तसं असेल तर लिहायला बसवण्यापेक्षा त्याला वाटाणे सोलायला द्या, गवार मोडायला द्या, कणकेच्या वळ्या करू द्या, कपड्यांचे चिमटे लावायला सांगा. चिमूट धरायची ताकद याच कामांतून येते. तुम्ही स्वयंपाक करताना तो शेजारी बसून हे करेल आणि तुम्हालाही साडेनऊपर्यंत वहीशी झुंजावं लागणार नाही. अक्षर उलटं काढत असेल तर घाबरू नका. या वयात पुष्कळ मुलं आरशात दिसावं तसं लिहितात, आणि बहुतेकांचं ते पुढे आपोआप सुटतं.

आता पोटदुखी. रविवारी दुखत नाही म्हणजे मुलगा ढोंग करतोय, असं कृपा करून म्हणू नका, घरात कुणाला म्हणूही देऊ नका. धास्तीने लहान मुलांचं पोट खरोखर दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि ते ठीक आहे म्हणाले की शाळेत जा. पण वर्गात जायच्या आधी शाळेची मुतारी बघा.

हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या वर्गात एक मुलगी होती. दिवसभर पाण्याला शिवायची नाही. भरून आणलेली बाटली तशीच घरी न्यायची आणि दुपारनंतर पेंगायची. तिची आई शेतमजुरीला जायची. एक दिवस कामाचा खाडा करून ती शाळेत आली, व्हरांड्यात बसली आणि मधल्या सुट्टीत लेकीच्या मागोमाग मुतारीपर्यंत गेली. आतल्या कडीला मुलीचा हात पोचत नव्हता. कडी मोठ्या माणसांच्या उंचीवर बसवलेली होती. दार नुसतं लोटून बसलं की मुलगे बाहेरून ढकलायचे, म्हणून ती पोर जातच नव्हती, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हती. त्या बाईने मुख्याध्यापकांना दार दाखवलं. त्याच आठवड्यात गावच्या सुताराने खाली, कमरेच्या उंचीवर, दुसरी कडी बसवून दिली. मुलगी पाणी प्यायला लागली. अभ्यासात ती मुळातच हुशार होती, फक्त लघवी धरून बसलेल्या मुलाचं फळ्याकडे लक्ष लागत नाही.

म्हणून तुम्हीही सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून शाळा बघा. नळ त्याच्या हाताला येतो का, मुतारीत पाणी असतं का, चपला काढायच्या जागी मोठी मुलं ढकलाढकली करतात का. आपण इमारतीचा रंग बघून येतो, मुलं मात्र दिवसभर या गोष्टींशी झगडत असतात.

मुलाकडून काढून घ्यायचं असेल तर 'आज काय शिकवलं?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर 'काही नाही' असंच येतं. खिचडी खाताना शेजारी कोण बसलं होतं, आज कोण रडलं, बाई कुणावर ओरडल्या, मधल्या सुट्टीत काय खेळलात, असं विचारा. तेही घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको. हातपाय धुऊन, काहीतरी खाऊन झाल्यावर, बहुधा अंथरुणात, मुलं आपणहून बोलतात. तेव्हा मध्ये उपदेश घालू नका. मध्ये बोललात की गोष्ट तिथेच थांबते. आणि कुणी त्याला मारत असेल, मग तो शिक्षक का असेना, तर गप्प राहू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केलेली आहे.

समितीत जा, नक्की जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेला निधी कुठे खर्च होतो ते बघणं हे समितीचं काम आहे. पुष्कळ गावांत बाईचं नाव कागदावर असतं, बैठकीला नवरा बसतो आणि वही सहीसाठी घरी येते. तुम्ही तसं होऊ देऊ नका. तुम्ही पतसंस्थेत रोजकीर्द लिहिता, पावत्या लावता. समितीतल्या किती जणांना खर्चाची वही वाचता येते? तुम्हाला येते. पहिल्या बैठकीत काही बोलला नाहीत तरी चालेल, पण वही मागून घ्या आणि वाचा. बैठक संध्याकाळी किंवा तुमच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा, असं आधीच सांगून ठेवा. मागितलं तर हे मिळतं.

एखाद्या दिवशी सांगून जा आणि मुलांच्या पंगतीला बसून पोषण आहार खा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, आणि जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. डाळ किती पातळ आहे ते वाटी तोंडाला लावली की कळतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईशी मात्र नीट बोला. अपुऱ्या मानधनात ती एवढ्या मुलांचं शिजवते. डाळ पातळ असेल तर आधी धान्य-डाळ वेळेवर आणि पुरती येते का ते विचारा.

धाकटीसाठीही एक सांगते. २०२२ पासून आपल्याकडे पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात आणि गावोगाव माता-पालकांचे गट केले गेले. घरच्या वस्तूंनी करायच्या खेळांची कार्डं या गटांना दिली जातात. तुमच्या गावात गट असेल तर त्यात जा, नावापुरताच असेल तर चार जणी मिळून तो चालता करा. जाऊबाईंना बरोबर घ्या. त्या शाळेत जातात यात वावगं काही नाही, फक्त वर्गाच्या खिडकीशी उभं राहायचं नाही एवढं दोघींनी पाळा. आई खिडकीत दिसत राहिली की मूल वर्गात रमत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. वर्गात शिकवणं हे बाईंचंच काम, तिथे आपण हात घालू नये. पण त्यांनाही यात ओढा. पोटदुखीच्या दिवसांत नातवाला शाळेत सोडायला आजी गेली तर बघा काय फरक पडतो. आजीला शाळेच्या रस्त्यावर कसलीच घाई नसते.

प्रश्न : मी हडपसरला भाजी विकते. माझी मुलगी पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून इंग्रजी शाळेत लागली, आता दुसरीत आहे. मी सातवी शिकलेली. शाळेच्या मीटिंगला सगळ्या बायका इंग्रजी बोलतात, मला तिथे जायची लाज वाटते. आणि मुलीला मराठी आकडेच कळत नाहीत. गिऱ्हाइकाला 'एकोणसाठ झाले' म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. मी तिला काय शिकवणार?
— एक आई, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीची ती जागा कुणाची मेहेरबानी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ ने ती दिली आहे. मीटिंगला जा, पुढच्या बाकावर बसा आणि मराठीतच बोला. पुण्यात शिकवणाऱ्या बाईंना मराठी कळतं. माझी मुलगी वर्गात बोलते का, तिला मैत्रिणी आहेत का, वाचताना ती कुठे अडते, एवढं विचारून या. आणि तिला या कोट्यावरून वेगळं बसवतात का, हेही डोळ्यांनी बघून या.

आकड्यांचं म्हणाल तर मराठी माध्यमातली मुलंही तिथेच अडतात. पंचवीस म्हणताना पाच आधी कानावर येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणसाठमध्ये तर पन्नास कुठे ऐकूच येत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असंही वाचायची सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख, आता दिवंगत, डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण परोपरीने समजावून सांगितली. मला त्यांचं पटलं होतं, आजही पटतं.

तुमच्याकडे गल्ला आहे, दुसरं साधन लागत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दहाच्या पाच नोटा मांडा आणि त्यांच्याशेजारी रुपयाची दहा नाणी. झाले साठ. आता त्यातलं एक नाणं तिला उचलायला सांगा. साठाला एक कमी, म्हणजे एकोणसाठ. मग तिला इंग्रजीत मोजून दाखवायला सांगा, फिफ्टी आणि नऊ नाणी. दोन्ही नावं एकाच ढिगाची आहेत हे तिला हाताने कळेल. आठवडाभरात सत्तरला, ऐंशीला तुम्ही न सांगता तीच उड्या मारेल. नंतर छोट्या गिऱ्हाइकाची मोड तिला मोजू द्या.

घरी मराठीच बोला. मोडकं इंग्रजी बोलायच्या नादात तुमच्या गोष्टी, तुमचं रागावणं, लाड, सगळं अर्ध्यावर राहील. रोज तिच्या पुस्तकातलं एक पान तिला तुमच्यासाठी वाचायला लावा आणि मराठीत अर्थ सांगायला सांगा. शिकवताना ती स्वतः पक्की होईल.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा, शिशुवर्गात आहे. व्हॅन पावणेसातला येते. त्याला झोपेतच कपडे चढवते, दूध पोटात जात नाही. शाळा म्हणते, इमारत दोन सत्रांत वापरतो, इलाज नाही.
— एक आई, नाशिक

उत्तर : ८ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढला आहे. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत, माध्यम आणि व्यवस्थापन कोणतंही असो. ज्या शाळेला वेळ बदलताना अपरिहार्य अडचण असेल, तिने शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन मान्यता घ्यायची आहे. तेव्हा तुमच्या शाळेने अशी मान्यता घेतली आहे का, हे लेखी विचारा.

एकटीने जाऊ नका. त्या व्हॅनमधल्या सगळ्या मुलांच्या आयांची सही घ्या, दोन बाबांनाही बरोबर न्या. अर्जात तक्रारीची भाषा नको, मुलं किती वाजता उठतात आणि काय न खाता निघतात एवढंच लिहा. लहान वर्ग दुपारच्या सत्रात आणि मोठ्यांचे सकाळी, अशी अदलाबदल करता येईल का, हेही त्यातच सुचवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या. तोवर झोपायची वेळ तासभर अलीकडे आणा आणि व्हॅनमध्ये हातात देता येईल असं केळं किंवा तूप-गुळाची पोळी द्या, दुधाच्या मागे लागू नका.