हनोईच्या पदपथांवर रोलचा कॅमेरा

प्रश्न : वडिलांचा जुना, सर्व काही हाताने जुळवावे लागणारा कॅमेरा आणि ३५ मिमीची लेन्स माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत हनोईला जाणार आहे. तिथल्या रस्त्यांवरचे रोजचे जगणे रोलवर टिपायचे आहे. रोल कोणता घ्यावा आणि अनोळखी माणसांचे फोटो कसे काढावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकच्या फेब्रुवारीतले स्वच्छ ऊन हनोईत मिळेल असे गृहीत धरू नका. त्या दिवसांत तिथे आभाळ बहुधा भरलेले असते, बारीक भुरभुर सुरू असते आणि जुन्या पेठेतल्या अरुंद गल्ल्यांवर ताडपत्र्या व झाडे यांची सावली पडलेली असते. म्हणून ४०० आयएसओपेक्षा (आयएसओ म्हणजे रोलची प्रकाशसंवेदनशीलता) मंद, म्हणजे कमी संवेदनशील, रोल नेऊ नये. इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स यांपैकी कोणताही कृष्णधवल रोल या करड्या, गडद सावल्या नसलेल्या प्रकाशात चेहऱ्यांना फार सुंदर न्याय देतो. भरल्या आभाळाखाली एफ ५.६ छिद्र (ॲपर्चर) आणि १/२५० सेकंद शटर यांपासून सुरुवात करा. अंतर तीन मीटरवर लावून ठेवले, तर साधारण सव्वादोन ते पाच मीटरांमधले सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐनवेळी फोकस जुळवण्यात क्षण निसटत नाही. संध्याकाळसाठी एक रोल पूर्णपणे १६०० वर, म्हणजे तो १६०० आयएसओचा आहे असे धरून, वापरा आणि धुवायला देताना तसे आवर्जून सांगा.

रंगीत रोल मात्र दोन तरी जवळ असू द्या. तेत हे व्हिएतनामी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. त्याआधीच्या दिवसांत हांग लुओक रस्त्यावर फुलांचा बाजार भरतो, हांग मा रस्ता लाल सजावटीने भरून जातो आणि फळांनी लगडलेले कुमक्वाटचे (छोट्या संत्र्यासारख्या फळाचे) झाड मोटारसायकलच्या मागे बांधून लोक घरी नेताना दिसतात. ते कृष्णधवलात उतरवणे म्हणजे त्यातला जीवच काढून घेणे होय. सणाचे पहिले काही दिवस मात्र बरीच दुकाने बंद असतात, हे पाहून तारखा ठरवाव्यात.

आता माणसांविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. हनोईचे जगणे पदपथावर आणि जमिनीलगत चालते. फो (नूडल्सचे सूप) खाणारे, चहा पिणारे, गप्पा मारणारे सारे वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलेले असतात, आणि उभ्याने घेतलेल्या फोटोत त्यांची फक्त डोकी दिसतात. आपणही स्टूल घ्या, चहा मागवा आणि बसा. थोड्या वेळाने आपण पाहुणे न राहता त्या कोपऱ्याचा भाग होता, आणि छत्तीस फोटोंच्या रोलला साजेसा संयमही तिथेच अंगी येतो. शहरभर भटकण्यापेक्षा एकच रस्ता निवडून तिथे निरनिराळ्या वेळी जावे, असे माझे ठाम मत आहे. पत्र्याचे काम चालणारा हांग थिएक रस्ता किंवा वनौषधींची दुकाने असलेला लान ओंग रस्ता यांपैकी एकही त्यासाठी पुरेसा आहे. पहाटे लवकर उठण्याची तयारी असेल, तर होआन किएम तळ्याकाठी व्यायाम करणारी वडीलधारी मंडळी आणि १९०२ साली बांधून झालेल्या लाँग बिएन पुलाजवळचा घाऊक बाजार अवश्य पाहा.

कॅमेरा लपवू नका. नजर मिळाली की तो किंचित उचलून मानेने विचारा. समोरच्याने हात हलवला, तर खाली घ्या. व्हिएतनामच्या २०१५ च्या नागरी संहितेने व्यक्तीचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क मान्य केला आहे आणि काही अपवाद वगळता ती वापरण्यास संमती लागते. त्यामुळे चेहरा ओळखू येणारा फोटो छापण्याचा विचार असेल, तर परवानगी तिथेच घेतलेली बरी.

प्रश्न : विमानतळावरच्या तपासणीत रोल खराब होतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होऊ शकतात. विमानात टाकायच्या सामानात न धुतलेला रोल कधीही ठेवू नये, कारण त्या सामानाच्या तपासणीचे किरण तीव्र असतात. हातातल्या सामानासाठी आता अनेक ठिकाणी आलेली सीटी (क्ष-किरणांनी सर्व बाजूंनी तपासणारी) यंत्रेही रोलवर धुरकट थर आणतात आणि वेगवान, म्हणजे जास्त आयएसओच्या, रोलला त्याचा धोका अधिक असतो. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि ते हाताने तपासण्याची नम्र विनंती करा. हनोईत रोल धुऊन देणारी दुकाने आहेत. परतण्यापूर्वी तिथेच धुऊन घेतल्यास परतीच्या तपासणीची काळजी उरत नाही. फक्त नेगेटिव्ह मागून घ्या, कारण काही दुकाने स्कॅन पाठवून तेवढ्यावरच थांबतात.