वाचकांचे प्रश्न: प्रोटॉनच्या टकरी टिपताना

प्रश्न: जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस डिटेक्टरमध्ये, म्हणजे कण टिपणाऱ्या अवाढव्य यंत्रात, टकरीतून उडालेले कण जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने जातात. मग त्यांच्यातला फरक कळतो कसा?

उत्तर: वाट किती वळली, त्यावरून. वेग सगळ्यांचा सारखाच, पण संवेग वेगळा. डिटेक्टरच्या पोटात ३.८ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि विद्युतभार असलेला कण त्यात वळतो. टेस्लातलं क्षेत्र आणि वळणाची मीटरमधली त्रिज्या यांच्या गुणाकाराला ०.३ने गुणा, प्रोटॉनइतका भार असलेल्या कणाचा क्षेत्राशी काटकोनातला संवेग जीईव्ही या एककात मिळतो. १ जीईव्हीला त्रिज्या सुमारे ८८ सेंटिमीटर येते, १०० जीईव्हीला ८८ मीटर. कणांची वाट टिपणारा सिलिकॉनचा ट्रॅकर मात्र मध्यापासून जेमतेम १.१ मीटरपर्यंत. तेवढ्या अंतरात १०० जीईव्हीच्या कणाच्या वाटेला पावणेदोन मिलिमीटरचाच बाक येतो, १००० जीईव्हीला त्याच्याही दहावा हिस्सा. त्यामुळे सिलिकॉनचा प्रत्येक तुकडा कुठे बसला आहे, हे काही मायक्रोमीटरपर्यंत माहीत असावं लागतं. चुंबक बंद करून पुन्हा चालू केला किंवा तापमान बदललं, तरी तुकडे किंचित सरकतात. मग टकरींतल्या आणि वैश्विक किरणांतल्या हजारो वाटा जुळवून त्यांच्या जागा नव्याने काढतात.

प्रश्न: फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, तर भारच नसतो. तो पकडल्याची खात्री कशी देता येते?

उत्तर: फोटॉनसाठी लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत: दिसायला काचेसारखे, घनतेने लोखंडापेक्षा जड. मधल्या भागातला एकेक स्फटिक २३ सेंटिमीटर लांब, आणि टकरीकडचं तोंड साधारण २.२ सेंटिमीटरचं. फोटॉन आत शिरला की कणांची सर उसळते, स्फटिक मंद उजळतो आणि मागे चिकटवलेला फोटोडायोड तो उजेड मोजतो.

हा उजेड फार नाजूक. तापमान एका अंशाने वाढलं तर तो सुमारे २ टक्के घटतो, फोटोडायोडची वाढवण्याची क्षमताही जवळपास तेवढीच उतरते. म्हणून थंड पाणी खेळवून स्फटिक १८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि मधल्या भागात ०.०५ अंशाचाही फरक पडू देत नाहीत. शिवाय किरणोत्साराने स्फटिक चालू यंत्रात धूसर होत जातात, प्रोटॉनचा झोत थांबला की थोडे निवळतात. प्रत्येकात ठरावीक वेळाने लेझरचा निळा प्रकाश सोडून ही घट मोजतात आणि ऊर्जेचा आकडा दुरुस्त करतात.

खात्रीचा खरा प्रश्न पुढे येतो. कधी एखादा कण थेट फोटोडायोडवरच आदळतो. स्फटिकात काहीच घडलेलं नसतं, पण नोंद मोठ्या ऊर्जेच्या फोटॉनसारखी होते. हा खोटा ठिपका दोन खुणांनी उघडा पडतो. खऱ्या फोटॉनची सर शेजारच्या स्फटिकांतही सांडते. खोटा ठिपका एकटाच चमकतो. दुसरं म्हणजे, स्फटिकाला उजळायला काही नॅनोसेकंद लागतात. खोट्या नोंदीत तो वेळ गेलेलाच नसतो, म्हणून ती लवकर उमटते. ही पारख आम्हाला या यंत्रातली सर्वांत सुंदर वाटते.

प्रश्न: सगळ्या टकरी साठवून का ठेवत नाहीत?

उत्तर: प्रोटॉनचे पुंजके २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने येतात. तेवढ्यात प्रकाश साडेसात मीटर जातो आणि डिटेक्टर २१ मीटर लांब आहे. म्हणजे आधीचे कण बाहेर पडण्याआधीच पुढची टक्कर झालेली असते. एवढी माहिती बाहेर काढणंच अशक्य. पहिली चाळणी सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निर्णय देते आणि सेकंदाला साधारण १ लाख घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, पुढे सोडते. संगणक त्यातल्या काही हजारच ठेवतात. गाळलेली घटना परत मिळत नाही, तेव्हा चाळणीचे नियम बदलताना घाई परवडत नाही.

प्रश्न: न्यूट्रिनो हा कण तर कुठेच अडकत नाही. तो होता हे कसं समजतं?

उत्तर: झोताला आडव्या दिशेतल्या सगळ्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही, तर काहीतरी निसटलं. पण बंद पडलेला स्फटिकही अगदी असाच तोटा दाखवतो आणि वर सांगितलेला खोटा ठिपकाही. म्हणून बंद पडलेल्या भागांची यादी सतत अद्ययावत ठेवतात, आणि तोटा नेमका त्यांच्याकडे बोट दाखवत असेल तर ती घटना बाजूला काढतात.