थायलंडचं लग्न, डोंबिवलीचा फ्लॅट

प्रश्न : आम्ही दोघे पुरुष, 11 वर्षं डोंबिवलीत एकत्र राहतो. फ्लॅट जोडीदाराच्या नावावर आहे, निम्मा हप्ता मी भरतो. त्याची आई गावी असते. मध्यंतरी त्याच्या ऑपरेशनच्या वेळी माझी सही चालली नाही. त्याचा भाऊ साताऱ्याहून येईपर्यंत सगळं अडलं. थायलंडला जाऊन लग्न नोंदवलं, तर इथे हक्क मिळतील का?

उत्तर : नाही. 23 जानेवारी 2025 पासून तिथे तुमचं लग्न रीतसर नोंदवता येतं. पण ते सर्टिफिकेट इथे तुम्हाला नवरा-नवऱ्याचे हक्क देणार नाही. समलिंगी लग्नाच्या खटल्यात 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी लग्न हा मूलभूत हक्क नसल्याचं सांगितलं. नागरी जोडीदारीला (लग्न नव्हे, पण कायद्याने मानलेलं सहजीवन) मान्यता द्यावी, असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत होतं, ते 3 विरुद्ध 2 असं अल्पमतात गेलं. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेकडे आहे, आणि तिथे घाई कुणालाच दिसत नाही.

तेव्हा तिकिटाचे पैसे आधी मृत्युपत्रावर घाला. जोडीदार ते न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्याने अख्खा फ्लॅट आईचा. तुमचे हप्ते कुणी विचारणार नाही. सोसायटीत तुम्ही नॉमिनी असलात तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; लोक इथेच फसतात. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, त्यात तुम्ही नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, आणि जोडीदाराचं मन ठिकाणावर असल्याचा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. उद्या भाऊ कोर्टात गेला तर उपयोगी पडेल. बक्षीसपत्राने अर्धा हिस्सा आताच घ्यायचा, तर नवरा-बायकोला मिळणारी, फक्त 200 रुपये मुद्रांक शुल्क भरायची सवलत तुम्हाला नाही. शिवाय कर्ज आहे तोवर बँकेची संमती लागेल.

हॉस्पिटलचं मात्र मला हसू आलं. जोडीदार शुद्धीवर होता ना? मग सही त्याचीच हवी होती, भावाचीही नव्हे. समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सज्ञान मुलीसाठी आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नव्हती. तो बेशुद्ध असेल आणि उपचार थांबवायची वेळ आली, तर त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश करून ठेवता येतो : दोन साक्षीदार, नोटरी, आणि निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव.

जॉइंट खातं उघडायला अडचण नाही. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्येच तसं स्पष्ट केलंय. भेटायला याल तेव्हा दोघेही या, आणि फ्लॅटचा करारनामा व कर्जाचं स्टेटमेंट घेऊन या.