जर्मनीत गाड्यांच्या नेटवर्कवर पीएचडी : गेम थिअरी पुरेल का?

तू विचारलंस, "पुण्यात एम.टेक. संपत आलंय. गाड्यांनी एकमेकींना पाठवायच्या संदेशांवर जर्मनीत पीएचडी करायची आहे. गेम थिअरी (एकमेकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांचं गणित) पक्की आहे, तेवढ्यावर निभावेल का?"

नाही निभावणार. मी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला याच विषयात काम करते, म्हणून सविस्तर सांगते.

इथली जोडलेली गाडी आपली जागा, वेग, दिशा सांगणारा छोटा संदेश सेकंदाला 1 ते 10 वेळा सोडते. 2019 मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या गोल्फ 8 या गाडीपासून ही सोय रस्त्यावर दिसू लागली. 5.9 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातलं 10 मेगाहर्ट्‌झचं रेडिओ-चॅनेल सगळ्या गाड्या वाटून वापरतात. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, कोंडी झाली आणि प्रत्येकीने दहा-दहा वेळा बोलायचं ठरवलं, तर संदेश एकमेकांवर आदळतात आणि कुणालाच धड ऐकू येत नाही. आपल्याला इथे लगेच नॅश समतोल दिसतो, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. पण आधी उत्तर हवं ते या प्रश्नाचं : खेळाडू कोण? गाडीला स्वतःचा स्वार्थ नाही. किती वेळा बोलायचं ते प्रमाणकात आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेलं असतं. तेव्हा आपलं काम नियम बेतण्याचं : प्रत्येक गाडीने आपल्यापुरतं पाहिलं तरी चॅनेल तुंबता कामा नये.

दुसरी अडचण वेळेची. पोटेन्शियल गेम (प्रत्येकाच्या फायद्यातला बदल एकाच सामाईक मापात दिसतो असा खेळ) मांडलास तर गाड्या आळीपाळीने सुधारत समतोलाला पोचतात, हे सिद्ध करता येतं. पण ताशी 130 किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या, रेडिओचा पल्ला 300 मीटर धरला तर, जेमतेम 8 सेकंद एकमेकींच्या टप्प्यात असतात. तेवढ्यात खेळाडूच बदलतात! सिद्धतेशेजारी किती फेऱ्या लागतात तो आकडा नसेल, तर मला ते काम अर्धवट वाटतं.

म्हणून निघण्याआधी सुमो शिक. डीएलआर या जर्मन संस्थेचा हा वाहतूक-सिम्युलेटर फुकट मिळतो आणि व्हेन्स या जोड-सॉफ्टवेअरमार्फत ओमनेट या नेटवर्क-सिम्युलेटरला जोडता येतो. पुण्यातला नळ स्टॉपचा चौक ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून उतरव, आधी 100, मग 500 गाड्या सोड आणि संदेश कुठे हरवू लागतात त्याचा आलेख काढ.

पुन्हा मास्टर्स करू नकोस. त्यासाठी एपीएस प्रमाणपत्र (भारतातल्या पदव्यांची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. पीएचडी इथे बहुधा नोकरीच असते, टीव्ही-एल ई-13 या सरकारी वेतनश्रेणीची. मात्र जागा अर्धी, पाऊण की पूर्ण, ते जाहिरातीत नीट वाच. पगार त्यावर ठरतो. प्राध्यापकांना पहिली मेल लिहिशील तेव्हा नळ स्टॉपचा तो आलेख सोबत जोड.