‘आंतरजाल’ की ‘अंतर्जाल’?

एका वाचकांनी विचारले आहे : ‘शाळेच्या स्मरणिकेसाठी इंटरनेटच्या इतिहासावर लेख लिहिताना मी सर्वत्र “आंतरजाल” असे लिहिले होते. मुद्रितशोधकांनी त्याचे “अंतर्जाल” केले. योग्य कोणते? की “महाजाल” लिहून वाद मिटवावा?’

माझे मत ‘आंतरजाल’ या रूपाच्या बाजूने आहे, आणि त्याचे निम्मे कारण व्याकरणात नसून इतिहासात आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द धाडायला घेतला आणि ‘एल’, ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचताच पलीकडची यंत्रणा कोलमडली, हा प्रसंग इंटरनेटचा जन्म म्हणून सांगितला जातो. परंतु ते आर्पानेट होते, म्हणजे संगणकांचे एक जाळे, आणि वर्षअखेरीस त्यात चारच ठिकाणे जोडलेली होती. पुढे रेडिओलहरींवर चालणारे दुसरे जाळे आणि उपग्रहामार्फत चालणारे तिसरे जाळे उभे राहिले. प्रत्येकाचे नियम वेगळे असल्यामुळे एकातून निघालेला संदेश दुसऱ्यात जाईना. यावर व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी मे १९७४मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा तोडगा मांडला, की मूळ जाळ्यांना हात न लावता दोन जाळ्यांच्या वेशीवर एक ‘गेटवे’ (संदेश इकडून तिकडे पोचवणारा संगणक) ठेवावा आणि संदेशाचे तुकडे करून बांधलेल्या पुडक्यांवरचा पत्ता सर्वांना वाचता येईल अशा एकाच रीतीने लिहावा. त्याच वर्षी डिसेंबरात सर्फ, योगेन दलाल (हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर) आणि कार्ल सन्शाइन यांनी या रीतीचा तपशीलवार मसुदा काढला. ‘इंटरनेट’ हा शब्द त्याच्या शीर्षकातच आहे. तो ‘इंटरनेटवर्किंग’ या लांबलचक शब्दाचा संक्षेप होता.

म्हणजे या शब्दातील ‘इंटर’ संगणकासंगणकांमधला नाही, तो जाळ्याजाळ्यांमधला आहे.

आता मराठीकडे येऊ. संस्कृतात ‘अंतर्’ या अव्ययाला ‘आत’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ आहेत. गंगा आणि यमुना यांच्या मधल्या प्रदेशाला ‘अंतर्वेदी’ म्हणतात, त्यामुळे संस्कृतात कोणी ‘अन्तर्जालम्’ लिहिले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. मुद्रितशोधकांचा कान बहुधा तिकडेच असावा. मराठीने मात्र या दोन अर्थांची वाटणी करून टाकली आहे. अंतर्मन, अंतर्मुख, अंतर्गत, अंतर्वस्त्र हे सगळे ‘आतले’. आंतरजातीय, आंतरशालेय, आंतरविद्यापीठीय, आंतरराष्ट्रीय हे सगळे ‘परस्परांमधले’. आंतरजातीय विवाह आणि जातीअंतर्गत विवाह यांत घोळ झाला तर काय होईल, हे कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही! ही वाटणी संस्कृत व्याकरणाला रुचो न रुचो, ती रुळलेली आहे आणि उपयोगाचीही आहे, कारण एखाद्या कार्यालयापुरत्या बंदिस्त ‘इंट्रानेट’साठी ‘अंतर्जाल’ हा शब्द त्यामुळे मोकळा राहतो.

‘महाजाल’ ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातून केवळ आकार कळतो, जोडणी कळत नाही. शिवाय पुष्कळ लोक तो शब्द ‘वेब’साठी वापरतात. वेब ही टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत सुचवलेली, आंतरजालाच्या आधारावर चालणारी निराळी सोय आहे. इतिहासाच्या लेखात तरी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ नयेत.

बोलताना आपण नुसते ‘नेट’च म्हणतो, आणि त्याला माझी हरकत नाही. फक्त जोर, नेटाचा प्रयत्न या अर्थाचा आपला जुना ‘नेट’ शेजारीच उभा असल्याने ‘नेट लावून अभ्यास कर’ या वाक्याचे हल्ली घरोघरी दोन अर्थ होतात.

लेखात एक दुरुस्ती मात्र करावी : १९६९च्या प्रसंगापाशी ‘आर्पानेट’ किंवा ‘संगणकांचे जाळे’ असे लिहावे आणि ‘आंतरजाल’ हा शब्द १९७४च्या पुढच्या भागासाठी राखावा. विभक्ती लावताना ‘आंतरजालावर’, ‘आंतरजालाचा’ अशीच रूपे होतील. ‘आंतरजाळ्यावर’ असे रूप ‘जाळे’ या शब्दाच्या ओढीने होते, ते टाळावे.